मायच्या बोटाचं माप

आमच्या बाईंसमोर ‘चालते’ हा शब्द काढायची सोय नव्हती. आणि वडसा गावाचा तर सगळा कारभार त्याच शब्दावर होता. चहा कोमट झाला? चालते. ब्लाउजची एक बाही लांब शिवली गेली? चालते, पदराखाली कोणाला दिसते. नॅरोगेजची गाडी सकाळची दुपारी आली? आली ना, चालते. बाई हे ऐकलं की छत्रीचं टोक जमिनीवर टेकवायच्या आणि समोरच्याकडे अशा पाहायच्या की त्याने आपण होऊनच बाही उसवायला घ्यावी.

“चालते म्हणजे बरोबर नाई,” त्या म्हणायच्या. “बरोबर नाई, तं बरोबर कर.”

एकच ब्लाउज शिंप्याकडे इतक्या वेळा परत गेला की शेवटी तो हात जोडून म्हणाला, “बाई, नवीन कापड आणा, फुकट शिवून देतो, पन हा नोका आणू.” बाईंनी नवीन कापड आणलं नाही. तोच ब्लाउज बरोबर करून घेतला आणि शिलाई पुरी देऊन आल्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, असं विचारायची हिंमत कोणी केलीच, तर उत्तर तयार असे. “चालनारे लय आले. बरोबर एकबी नाई.”

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी नागपूरहून वडशाच्या शाळेत शिकवायला आले आणि बाईंच्या घरची पुढची खोली मला भाड्याने मिळाली. बाई त्याच शाळेत गणित शिकवायच्या. घर रुळांपलीकडे, आमच्या वस्तीत. आमच्या म्हणजे बौद्धांच्या. घरात बाई आणि त्यांची म्हातारी आई, दोघीच. आईला बाई माय म्हणायच्या आणि मी आजी.

बाई पुरुषांच्या चपला वापरायच्या. बायकांच्या चपला ज्यांना चालायचंच नाही त्यांच्यासाठी केलेल्या असतात, असं त्यांचं मत. रस्त्याच्या मधून चालायच्या. सायकलवाले घंटी वाजवून थकायचे आणि कडेने जायचे. मार्कंड्याच्या जत्रेला दरवर्षी जायच्या, देवासाठी नाही, तव्यासाठी. तिथल्यासारखा लोखंडी तवा कुठे मिळत नाही म्हणायच्या आणि प्रत्येक तवा छत्रीच्या मुठीने ठोकून पाहून एकही न घेता परत यायच्या. हिवाळ्यात वडशात नाटकांचे मांडव पडले की पुढच्या रांगेतल्या मधल्या खुर्चीचं तिकीट काढायच्या. नटाचं वाक्य चुकलं तर खुर्चीतूनच मोठ्याने म्हणायच्या, “पुन्हा घ्या.” आणि खरं सांगते, नट पुन्हा घ्यायचा.

आजी याच्या अगदी उलट. तिला सगळंच चालायचं. भात गिच्च झाला तरी गोड लागायचा, पाऊस घरात गळला तर ती खाट सरकवायची. नवरा लवकर गेला, मग तिने राइस मिलमध्ये कोंडा झाडला, तांदूळ चाळला, आणि त्या मजुरीवर ही मुलगी मॅट्रिक काय, बी.एस्सी. केली. मुलगी कमावती झाली तरी आजी पावसाळ्यात बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणीला जायचीच. बाई ओरडायच्या. आजी हसून म्हणायची, “बांधीत पाय नाई गेले तं मले गमत नाई.”

आजीच्या बोटात सोन्याची एक अंगठी होती. बाईंना नोकरी लागली ती कुरखेड्याच्या शाळेत; तिथून त्यांनी पहिला पगार मायकडे पाठवला आणि सांगितलं, याची अंगठी कर, तुझ्यासाठी कर. आजीने वडशातल्या सोनाराकडे एकटीने जाऊन ती करून घेतली. साधी, बिनखड्याची. पण ती बोटात बसत नसे, फिरायची. म्हणून आजीने खालच्या बाजूला दोरा गुंडाळला होता. दोरा मळला की बदलायची. बाई कधी म्हणाल्याच की ही ढिली का, तर आजी सांगायची, ढिल्लीच चांगली दिसते. इतकी वर्षं हे खपलं, याचं मला नवल वाटतं. दुनियेची बाही मोजणारी बाई, पण मायच्या शब्दाला तिने कधी फूटपट्टी लावली नव्हती.

मी राहायला गेले त्याच पावसाळ्यात ती अंगठी रोवणीच्या चिखलात गळून पडली. दोरा भिजून सुटला असणार. आजीला कळलं तेव्हा अर्धी बांधी रोवून झाली होती. बायकांनी चिखल ओंजळीओंजळीने चाळला आणि एकीच्या बोटांना ती लागली. आजी घरी आली ती हसतच, जणू काही गंमत सांगायला. आम्ही जेवायला बसलो होतो.

“पन माय, एवढी ढिल्ली कशी केली त्यानं?” बाईंनी विचारलं. “माप नोतं का घेतलं?”

“घेतलं ना. सुतानं घेतलं.”

“सुतानं काऊन? त्याच्यापाशी मापाचा जुडगा आहे.”

“ते दुसऱ्यायसाठी,” आजी म्हणाली. “आपलं सुतानंच घेते तो. खालच्या पायरीवर उभं राहाचं, तो सूत टाकते, आपन बोटाले गुंडाळाचं, गाठ माराची, पायरीवर ठेवाचं.” तांदळाचा भाव सांगावा तशा आवाजात तिने हे सांगितलं. वर आणखी म्हणाली, “पयले तं सोन्यावर पानीबी शिंपडे. आता नाई शिंपडत. चांगला हाय तो.”

बाईंनी ताट बाजूला सारलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

हे जुडग्याचं जरा सांगते. सोनाराकडे एका कडीत ओवलेल्या पितळी अंगठ्या असतात, लहानापासून मोठीपर्यंत. बोटात एकेक घालून पाहायची, जी नीट बसेल ते माप. आता हे करायचं तर सोनाराला समोरच्याचं बोट धरावं लागतं. वडशाच्या त्या सोनाराने आमच्या वस्तीतलं बोट आजवर धरलं नव्हतं. तोंडाने कधी वेडंवाकडं बोलला नाही. रस्त्यात भेटला तर नमस्कार करायचा, बाईंना तर ‘म्याडम’ म्हणायचा. त्याची मुलगी त्यांच्या वर्गात होती. फक्त सूत टाकायचा. अशा माणसाशी भांडायचं कसं, हे मला त्या वयात कळत नव्हतं. मी बाईंना म्हटलं, अंगठी माझ्याकडे द्या, आजीला घेऊन नागपूरला जाऊ. इतवारीच्या सराफ्यात तासाभरात करून देतात, कोणी जात विचारत नाही.

“मी नागपुरात राह्यते का?” बाई म्हणाल्या. “माय नागपुरात राह्यते का? जिथी बिघडली तिथी बरोबर होईन.”

पुढच्या बाजाराला त्या सोनाराकडे गेल्या. तो म्हणाला, रोवणीत बोटं सुजलेली असतात, आता माप घेतलं तर थंडीत पुन्हा ढिली होईल, दिवाळी होऊ द्या. हे बरोबर होतं. म्हणून बाईंनी ऐकलं आणि दिवाळीपर्यंत थांबल्या. दिवाळी झाली, धान कापून झाला. बाई पुन्हा गेल्या, या वेळी मीही होते. दुकान म्हणजे रस्त्यापासून दोन पायऱ्या वर ओटा, त्यावर पांढरी गादी, गादीच्या कोपऱ्यात सोनार. बाई चपला काढून सरळ वर गेल्या आणि गादीवर बसल्या. अंगठी समोर ठेवली.

“मायच्या बोटाची आहे. लहान कराची आहे. तिले घेऊन येतो, तुमी जुडगा काढून ठेवा.”

सोनाराने अंगठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. “कायले म्हाताऱ्या मानसाले तकलीफ देता, म्याडम? सूत घेऊन जा ना. सुतानं बराब्बर येते.”

“सुतानं बराब्बर आली असती तं मी इथी कायले आली असती? जुडगा काढा.”

आणि इथे त्या माणसाने आयुष्यातली मोठी चूक केली. सरळ नाही म्हणाला असता तर गोष्ट तिथेच पेटली असती आणि विझलीही असती. पण तो पडला गोड माणूस. तो म्हणाला, “जुडगा सापडून नाई राह्यला, बाई. कुठी पडला, काई समजत नाई.”

“हरवला?”

“हाव ना.”

“बरं. सापडू द्या,” बाई म्हणाल्या, आणि पिशवीतून सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढून तिथेच तपासायला बसल्या.

दिवे लागेपर्यंत बसल्या. मग दर बाजाराला हेच सुरू झालं. दुपारी गादीवर, भिंतीला टेकून, हातात लाल पेन. शाळेची वाटही दुकानावरूनच होती. येता-जाता केव्हाही डोकवायच्या. “सापडला का?” सोनार मान हलवायचा. जुडगा गल्ल्याच्या खणात होता, हे त्याला ठाऊक होतं, आम्हाला ठाऊक होतं, समोरच्या पानठेल्यावाल्यालाही ठाऊक होतं. पण तो काढणार कसा? काढला की सापडला. आणि सापडला की मायचं बोट धरावं लागणार.

म्हणून त्याने सगळ्यांचंच माप सुताने घ्यायला सुरुवात केली.

लगीनसराईचे दिवस. आसपासच्या गावांतली माणसं बैलगाड्या भरून वडशाला यायची. बारा वाटांची गिऱ्हाइकं, कुणाच्या घरी साक्षगंध, कुणाच्या घरी लग्न, आणि सोनार सर्वांच्या हाती सूत देतो आहे. हातात देतो, टाकत नाही, एवढा फरक. अंगठ्या होऊन जायच्या आणि परत यायच्या. एका नवरदेवाची भर मांडवात पेराशी अडली, तर मामाने तेल लावून ढकलली आणि मग निघेचना. गावात बोलवा झाली की सोनाराला दिसत नाही, मोतीबिंदू झाला. तो बिचारा चष्मा लावू लागला.

शाळेत दोन तट पडले. एका सरांनी बाईंना सांगितलं, तक्रार करा, कायदा आहे. बाई म्हणाल्या, “कायदा मले पाठ आहे. त्यानं दुकान बंद होईन. मले दुकान चालू पायजे, मले त्याच दुकानात अंगठी करून पायजे.” दुसऱ्याने हळूच सुचवलं, त्याची पोरगी तुमच्या वर्गात आहे, जरा कडक तपासा, बाप आपोआप येईल. त्या माणसाशी बाई ते सत्र संपेपर्यंत बोलल्या नाहीत. सोनाराची मुलगी गणितात पहिली आली. पेपर त्याच गादीवर तपासला गेला होता आणि बापासमोर त्याच्यावर लाल शाईत शाबासकी लिहिली गेली होती.

आजीला हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. “कायले गावाशी वाकडं घेतं पोरी? मले चालते ना ढिल्ली.” त्या शब्दाला फक्त आजीच्या तोंडी माफी होती.

शेवटचा बाजार मला कालच्यासारखा आठवतो. मी भाजी घेऊन बाईंना सोबत करायला दुकानात गेले होते आणि गादीच्या टोकाशी बसले होते. इतक्यात एका बड्या गावची पाटलीणबाई आली. मुलीचं साक्षगंध होतं, व्याह्यांकडे द्यायची अंगठी करायची होती आणि स्वतःलाही एक हवी होती. पाटलीणबाई जाडजूड, हातभर बांगड्या, आवाज गाडीबैल हाकण्याचा. सोनाराने पाणी दिलं, विचारपूस केली, नमुने दाखवले. आणि मग, डोळे खाली घालून, सूत पुढे केलं.

पाटलीणबाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं.

“हे काय?”

“माप, काकूबाई.”

“मले सूत?” तिचा आवाज रस्त्यापलीकडे गेला. “मी कोन आहो, माहीत नाई का तुले? माझ्या सासूपासून तुझ्या बापाकडे येऊन राह्यलो आमी, अन् मले सूत देतं?”

पानठेल्यावरची माणसं उठून उभी राहिली. बाईंनी पेनला टोपण लावलं आणि मान वर केली. आवाज अगदी साधा, वर्गात पहिल्या दिवशी नाव विचारावं तसा.

“काऊन पाटलीणबाई, सुतानं माप येत नाई का?”

“येईन नाई तं काय! पन सूत ते... त्या लोकायसाठी असते ना,” पाटलीणबाई म्हणाली, आणि मग तिचं लक्ष गेलं की विचारणारी कोण आहे. ती थांबली. तिने पदर सारखा केला. शब्द मात्र तोंडाबाहेर पडून चुकला होता.

मला राग आला. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही येतो आहे, आणि येऊ नये असं मला वाटत नाही. आजी ज्याला चांगला म्हणायची त्या सोनाराने एवढी वर्षं जे गोड बोलून झाकलं होतं, ते या पाटलीणबाईने भर बाजारात उघडं केलं. एका अर्थी उपकारच म्हणायचे.

सोनाराच्या कपाळावर घाम होता. त्याने एकदा पाटलीणबाईकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि गल्ल्याचा खण उघडून जुडगा काढला. गादीवर ठेवला.

“सापडला का?” बाई म्हणाल्या. “बरं झालं, भाऊ. लय दिवस झाले होते.” मग माझ्याकडे वळून, “जा, मायले घेऊन ये. मी नाई येत. मी उठली तं हा पुन्हा गायब होईन.” आणि सोनाराला, “नंबर माझा पयला आहे. दिवाळीपासून लागला आहे.”

मी रूळ ओलांडून पळतच घरी गेले. आजी अंगणात लाखोळीची डाळ निवडत होती. मी सांगितलं तसं तिने मान हलवायला सुरुवात केली.

“त्याच्या ओट्यावर? नाई बाप्पा. मी कधी चढली नाई, आता या वयात चढू का?”

“बाई तिथं बसल्या आहेत, आजी.”

“बसू दे. तिले सवय हाय बसाची.”

मी पुष्कळ समजावलं. माझ्याने होईना. शेवटी रागाच्या भरात पाटलीणबाई जे बोलली ते जसंच्या तसं सांगून टाकलं. बाईंसमोर बोलली, हेही सांगितलं. आजीचा डाळीतला हात थांबला.

“पोरीच्या तोंडावर म्हनलं?”

“हो.”

“बसली हाय का अजून ते?”

“आहे. थांबली आहे माप द्यायला.”

आजीने सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठली, रांजणापाशी जाऊन हात कोपरापर्यंत धुतले. “मंग थांब. लुगडं बदलू दे.” आणि पेटीतून जयंतीला नेसायचं पांढरं लुगडं काढलं.

बाजारातून ती माझा हात न धरता चालली. दोन पायऱ्या चढताना मात्र एकदा थांबली. मला वाटलं, आता मागे फिरते. ती वर गेली आणि बाईंच्या शेजारी, पाटलीणबाईच्या समोर बसली. मांडी घातली. दुकानाबाहेर आता बरीच माणसं जमली होती.

सोनाराने जुडगा तिच्यापुढे सरकवला. “घालून पाहा, माय, कोनती बसते ते.”

“भाऊ,” बाई म्हणाल्या, “दुसऱ्यायले तुमी घालून देता.”

त्याने जुडगा परत आपल्याकडे ओढला. मग त्याने हात पुढे केला. आजीने आपला हात त्याच्या हातात दिला. मिलमध्ये आणि बांधीत झिजलेला, पेरं वाकलेला हात. सोनाराने तिचं बोट धरलं, जुडग्यातली एक अंगठी निवडली आणि पेरावरून हळूच सरकवली. माणूस आपल्या कामात पक्का होता. पहिलीच बरोबर बसली. मला दिसलं, बाईंना दिसलं, पाटलीणबाईलाही दिसलं असणार. बाईंनी गठ्ठा पिशवीत भरायला घेतला.

आजीने हात डोळ्यांसमोर धरला. उलटा केला, सुलटा केला.

“हे टोचते,” ती म्हणाली. “दुसरी घाल.”

सोनाराने दुसरी घातली.

“हे ढिल्ली हाय.”

त्याने तिसरी घातली. आजीने मूठ मिटून पाहिली, उघडून पाहिली, आणि मान हलवली. मग पुढची. मग त्याच्या पुढची. बाई गठ्ठा मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या. मायकडे अशा पाहत होत्या, जशी ही बाई त्यांना आजच भेटली असावी. पाटलीणबाईने दोनदा बांगड्या वाजवल्या. आजीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अख्खा जुडगा संपला तेव्हा सोनार रडकुंडीला येऊन म्हणाला, “माय, आता एकबी नाई राह्यली.”

आजीने थोडा विचार केला.

“पयलीच बरी होती,” ती म्हणाली. “पन मले नीट ध्यानात नाई. घाल बरं पुन्हा.”

सोनाराने तिचा हात पुन्हा हातात घेतला.